ओट्याला धरून

(सारसबाग, सकाळ. चालणारी पावलं.)

तळ्यातल्या गणपतीला हात जोडायचे आणि फेऱ्यांना लागायचं. आईचा हा नेम बारा वर्षांचा. पावसाळ्यात छत्री घेऊन, पण फेऱ्या चुकल्या नाहीत. एका पहाटे हीच आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर एकच धोशा, "अगं, मी तर रोज चालते!"

खरंच चालत होती. चालणं हृदयाला, साखरेला, मनालाही चांगलं. पण तोल जातो तो झटकन वळताना, ओल्या फरशीवर, रिक्षातून उतरताना, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला पाय अडखळल्यावर. तेव्हा दुसरं पाऊल क्षणात पडावं लागतं. त्याचा सराव सपाट वाटेवरच्या फेऱ्यांतून फारसा होत नाही.

वैद्यकीय संशोधनाचा पडताळा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली २५ देशांतल्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. तोलाचे आणि उठण्या-बसण्याचे व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी दिसलं. नुसत्या चालण्याबद्दल तसं ठामपणे सांगता आलं नाही.

(घर. स्वयंपाकघराचा ओटा.)

आई घरी आली आणि आम्ही मोठी चूक केली. मायेनेच केली. "तू बस, मी आणते." पाणी हातात, ताट हातात, फोन वाजला तर तोही हातात. दोन महिन्यांत तिला खुर्चीतून उठताना आधार लागायला लागला. बसून मांड्यांचं बळ जातं, बळ गेलं की भीती वाढते, आणि भीतीने माणूस आणखी बसतो. पडण्याइतकंच हे बसणं मला आता धोक्याचं वाटतं.

फिजिओथेरपिस्टने तिला पुन्हा उभं केलं, ते ओट्यापाशी. कुकर लावला की ओटा धरून टाचा उचलायच्या. मग एका पायावर उभं राहायचं. आधी दोन्ही हातांनी धरून, काही आठवड्यांनी एका हाताने, मग नुसती दोन बोटं टेकवून. फरशीच्या रेघेवर, एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत चालायचं. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. सुरुवातीला शेजारी कुणीतरी हवंच. आणि चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो.

न्हाणीघरात आता दांडी बसवली आहे, रात्री पॅसेजमध्ये दिवा असतो. ती कामं एका दुपारची. तोल परत यायला मात्र महिने लागले.

काल आई पाणी प्यायला उठली. माझा हात पुढे जात होता, तो आवरून मी बसून राहिले. येताना तिने माझ्यासाठीही पेला भरून आणला.