दर शुक्रवारी पाच पेट्या

(दृश्य: मोठं स्वयंपाकघर. टेबलावर संत्र्यांचा ढीग.)

दर शुक्रवारी न्यूयॉर्कच्या एका फळवाल्याकडून संत्र्या-लिंबांच्या पाच पेट्या या बंगल्यावर येतात. सोमवारी तीच फळं मागच्या दारानं बाहेर पडतात, नुसत्या सालांचा ढीग होऊन. स्वयंपाकघरात रस काढायचं यंत्र आहे. अर्ध्या तासात दोनशे संत्री पिळतं. फक्त त्यासाठी बटलरला अंगठ्यानं एक बटण दोनशे वेळा दाबावं लागतं.

साल 1922. बंगला जे गॅट्सबीचा. आणि बटण दाबणाऱ्या त्या बटलरचं नाव कादंबरीत कुठेच येत नाही.

एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ 10 एप्रिल 1925 रोजी प्रसिद्ध झाली. तिचा विषय निघाला की पार्ट्या, शॅम्पेन आणि खाडीपलीकडचा हिरवा दिवा, इतकंच बोललं जातं. आपण पैशाबद्दल बोलू. तो किती आहे यापेक्षा, किती जुना आहे याबद्दल.

(दृश्य: लाँग आयलंडचा नकाशा. उत्तर किनाऱ्यावरची दोन टोकं.)

न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंड. उत्तर किनाऱ्यावर समुद्रात शिरलेली जमिनीची दोन टोकं, मध्ये खाडी. कादंबरीत ती वेस्ट एग आणि ईस्ट एग होतात. लेखकाच्या डोळ्यांसमोर होतं ग्रेट नेक आणि पलीकडचा मॅनहॅसेट नेकचा किनारा. 1922 ते 1924 या काळात ते स्वतः ग्रेट नेकला राहत होते, म्हणजे नव्या पैशाच्या, गॅट्सबीच्या वेस्ट एगच्या बाजूला.

पलीकडे, ईस्ट एगला, टॉम ब्यूकॅनन. शिकागोकडून इकडे राहायला येताना यानं पोलोचे घोडे सोबत आणले. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी डेझीला (गॅट्सबीचं जुनं प्रेम ती हीच) मोत्यांची माळ दिली, किंमत साडेतीन लाख डॉलर. गोष्ट सांगणारा निक कॅरवे गॅट्सबीच्या शेजारी एका लहानशा घराचं महिन्याला 80 डॉलर भाडं भरतो. त्या एका माळेत निकचं साडेतीनशे वर्षांहून जास्त भाडं निघालं असतं.

बंगला गॅट्सबीकडेही आहे. गाड्या आहेत, विलायतेहून मागवलेले शर्ट आहेत. मग अडतं कुठे? आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: गर्भश्रीमंत. टॉम गर्भश्रीमंत आहे. बाकी सगळं विकत मिळतं, हा ‘गर्भ’ तेवढा मिळत नाही.

(दृश्य: बंगल्यासमोर तीन घोडे. ऑगस्टमधली दाट झाडी.)

कादंबरीत एक छोटा प्रसंग आहे, तीन-चार पानांचा. सिनेमावाले तो बहुधा गाळतात. मला विचाराल तर सगळं पुस्तक त्यात आहे. एका दुपारी टॉम, स्लोन नावाचे एक गृहस्थ आणि एक बाई घोड्यांवरून रपेट करत गॅट्सबीच्या दारात येतात. काहीतरी प्यायला होतं, गप्पा होतात. जायच्या वेळी बाई म्हणतात, आमच्याकडे जेवायला चला ना.

हे आमंत्रण नाही. ‘या ना कधी घरी’ हे जसं आमंत्रण नसतं, तसंच. निकला ते लगेच कळतं, तो नम्रपणे नाही म्हणतो. गॅट्सबी मात्र खरंच निघतो. माझ्याकडे घोडा नाही, सैन्यात असताना बसायचो, पण विकत कधी घेतला नाही, गाडीनं तुमच्या मागोमाग येतो, असं सांगून तो कोट आणायला आत जातो. बाहेर टॉम वैतागतो: बाईंना हा नकोय, हे याला समजत नाही का? घोडे निघतात. ते झाडीआड दिसेनासे होतात आणि त्याच क्षणी गॅट्सबी दारात येतो, हातात टोपी आणि कोट घेऊन.

भांडण नाही, अपमानाचा एक शब्दही नाही. वर्ग म्हणजे काय, ते बंगल्याच्या आकारावरून कळत नाही. कुठला शब्द खरा धरायचा आणि कुठला नुसता ऐकून सोडून द्यायचा, हे कुणी न शिकवताच कळणं म्हणजे वर्ग.

(दृश्य: ग्रंथालय. न फाडलेल्या पानांची पुस्तकं.)

पार्टीतला एक पाहुणा गॅट्सबीच्या ग्रंथालयात शिरतो आणि थक्क होतो. पुस्तकं खरी आहेत! नुसते पुठ्ठे नाहीत. पण पानं फाडलेली नाहीत. तेव्हा अनेक पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत, वाचणाऱ्यानं ती सुरीनं सोडवायची. इथे सुरी लागलेलीच नाही.

गॅट्सबीचा पैसा आला कुठून, हा त्याच्याच पार्टीत त्याचीच दारू पिणाऱ्यांचा आवडता विषय. कुणी म्हणतं खून केलाय, कुणी म्हणतं जर्मन हेर होता. खरं कारण त्या काळाला शोभणारं. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. टॉम खोदून काढतो की गॅट्सबी आणि त्याचा भागीदार मेयर वुल्फशिम औषधांच्या दुकानांतून, काउंटरवरून, अल्कोहोल विकत होते. (2013 च्या चित्रपटात हा वुल्फशिम अमिताभ बच्चन यांनी केला, भूमिका अगदी थोडा वेळ आहे.)

आता उलटा प्रश्न. टॉमच्या घराण्याकडे पैसा कुठून आला? कादंबरीत हे कुणी विचारतच नाही. पैसा मुरला, की ही चौकशी थांबते.

(दृश्य: राखेचे ढिगारे. मागे रेल्वे.)

लाँग आयलंडहून मॅनहॅटनला जाताना वाटेत राखेचं खोरं लागतं. हे लेखकाच्या कल्पनेतलं नाही. क्वीन्समधल्या कोरोना भागात ब्रुकलिनच्या भट्ट्यांमधली कोळशाची राख खरोखर आणून टाकत. कादंबरीत तिथे विल्सनचं गॅरेज आहे. आपली जुनी गाडी विकतो, विकतो म्हणत टॉम त्याला झुलवत ठेवतो, आणि त्याच्या बायकोशी संबंधही ठेवतो. ती मरते ती गॅट्सबीच्या गाडीखाली, चालवत असते डेझी. विल्सन गोळी घालतो गॅट्सबीला, मग स्वतःला. टॉम आणि डेझी सामान बांधून निघून जातात, पत्ताही न ठेवता.

त्या राखेवर पुढे 1939 चं जागतिक प्रदर्शन भरलं. आज त्या परिसरात यूएस ओपन टेनिस खेळतात.

‘अमेरिकन ड्रीम’, म्हणजे कष्टानं कुणीही वर येऊ शकतो हे स्वप्न; हे शब्द या कादंबरीत एकदाही नाहीत. ते घरोघरी पोचवले इतिहासकार जेम्स ट्रस्लो ॲडम्स यांनी, 1931 मध्ये, म्हणजे मंदीच्या ऐन तडाख्यात. आणि 2012 मध्ये अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी एक आलेख मांडला: ज्या देशात विषमता जास्त, तिथे मुलाची कमाई बापाच्या कमाईला जास्त बांधलेली. त्या आलेखाचं नाव ‘ग्रेट गॅट्सबी कर्व्ह’.

(दृश्य: पाऊस. थोडीच माणसं.)

गॅट्सबीच्या अंत्यविधीला पार्ट्यांमधलं जवळजवळ कुणी येत नाही. क्लिपस्प्रिंगर नावाचा पाहुणा, जो महिनोन्महिने त्या बंगल्यात फुकट राहिला, त्याचा फोन येतो. राहून गेलेले टेनिसचे बूट पाठवून द्याल का, म्हणून.

येतात ते वडील. हेन्री गॅट्झ. मुलाचं खरं नाव जेम्स गॅट्झ, नॉर्थ डकोटातल्या, शेतीत कधी यश न आलेल्या घरातलं पोर. म्हातारा एक जुनं पुस्तक काढतो. शेवटच्या कोऱ्या पानावर पोरानं 12 सप्टेंबर 1906 रोजी दिवसाचं वेळापत्रक लिहिलंय. सहाला उठणं. डंबेल्सचा व्यायाम. विजेचा अभ्यास. बोलण्याचा सराव. खाली संकल्प: तंबाखू बंद, दिवसाआड अंघोळ, आई-वडिलांशी नीट वागणं.

वडील एकेक ओळ मोठ्यानं वाचतात आणि निककडे बघतात. निकला वाटतं, आपणही ही यादी उतरवून घ्यावी अशी त्यांची इच्छा असावी.

(दृश्य: पानाचा जवळून शॉट. पेन्सिलचं अक्षर.)

बचतीची एक ओळ आहे. आठवड्याला 5 डॉलर. त्या 5 वर काट मारून पोरानं पुढे 3 लिहिलंय.