आधी तरंगायचं, मग पोहायचं

[खळ्यात नारळ निवडणारे हात]

पोहायला शिकणाऱ्या पोराला काखेत धरून तरंगायला हे दोन सुके असोले, म्हणजे न सोललेले, नारळ. कानाशी हलवायचे, आत पाणी खळखळलं की चालतील. हिरवा नारळ जड, तो नको. दोघांच्याही सोडणाची (वरच्या काथ्याच्या सालीची) एकेक चीप देठाकडून सोलायची, पण तोडायची नाही. त्या चिपांची गाठ मारून वरून सुंभाचे (काथ्याच्या दोरीचे) चार वेढे घ्यायचे. मधे अंतर एक वीत, जास्त नाही. गाठ सैल राहिली तर नारळ काखेतून कमरेकडे सरकतात, पाय वर येतात आणि तोंड पाण्यात जातं. भिजून जड झालेली जोडी उन्हात वाळवूनच पुन्हा घ्यायची.

बाजारातली फुगवायची ट्यूब तलावात ठीक आहे. समुद्रावर सकाळच्या मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या, वाऱ्यात ती पोरासकट आत सरकते.

[खाडीचा उथळ काठ]

पाणी पोराच्या कमरेइतकं. पहिले दोन दिवस हातपाय मारणं नाहीच. उताणं पडायचं, कान पाण्याखाली, हनुवटी वर, छातीत श्वास भरलेला. शिकवणाऱ्याची दोन बोटं मानेखाली. पोर घाबरून डोकं उचलतं आणि लगेच कंबर बुडते. सगळ्यांचंच असं होतं, घाई नको. मे महिन्यात गावी येणारी पोरं 'मला पोहता येतं' म्हणतात, पण ती शिकलेली असतात तळ दिसणाऱ्या टाकीत, कठडा हाताशी असताना.

[वाळूत काठीने आकडे]

हा हिशेब मच्छीमारांच्या घरात तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, ओढ कमी; पुनवेला-अवसेला उधाण, म्हणजे मोठी भरती. शिकवणी भांगाच्या दिवसांत ठेवावी. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सर्वांत जोरात बाहेर धावतं, तिथे पट्टीचा पोहणाराही टिकत नाही.

लाटा फुटताहेत, पण मधेच एक पट्टा सपाट, गढूळ, फेस बाहेर नेणारा. पोरांना शांत वाटणारी तीच जागा ओढीची. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. उताणं तरंगा, हात वर करा, ओढ सुटली की किनाऱ्याला समांतर सरका. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले.

[तेलाचा कॅन, नायलॉनचा दोर]

पाच लिटरचा रिकामा कॅन, फेकताना वजन यावं म्हणून आत फुलपात्रभर पाणी, झाकण घट्ट. कानाला आठ वाव दोर (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांइतकी लांबी). दुसरं टोक पायाखाली दाबलेलं, नाहीतर कॅनसोबत दोरही जातो. कॅन पोराच्या पलीकडे टाकायचा आणि दोर त्याच्या हातावर आणायचा. स्वतः उडी मारायची नाही, बुडणारा गळ्याला मिठी मारतो.

बाहेर काढल्यावर पोट दाबत नाहीत, उलटं टांगत नाहीत. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर 30 दाब आणि दोन श्वास, 108 ची गाडी येईपर्यंत. शुद्धीवर आलेल्या पोरालाही दवाखान्यात न्यायचंच.