हातात वात, कानात कीर्तन

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका महिला मंडळात पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. प्रास्ताविक चालू होतं तेव्हापासून मी तुमच्या हातांकडे बघते आहे. तिसऱ्या रांगेतल्या एक ताई मघापासून बांगडी फिरवताहेत. खिडकीपाशी बसलेल्या आजोबांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आहे, त्यातली एकच किल्ली ते वरखाली करताहेत. दोघीतिघींच्या बोटांना पदराचं टोक गुंडाळलेलं आहे. राहू द्या, थांबवू नका. तुम्ही ऐकत नाही असं मला मुळीच वाटत नाही. पण आठ वर्षांच्या पोराने वर्गात हेच केलं की शाळेत त्याला ‘सीधो बेस ने!’ ऐकावं लागतं, आणि घरी आल्यावर आपण तेच मराठीत सांगतो.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. मात्र पुतळ्यासारखं बसण्याची सक्ती ही आपण आपल्या पदरची घातलेली आहे.

माझी आजी चातुर्मासात कीर्तनाला जायची. जाताना डबीत कापूस घेऊन जायची. बुवा पूर्वरंगात शिरले की आजीचे हात सुरू. कापसातली सरकी काढायची, पेळू ओढायचा, मांडीवर हात फिरवून वात वळायची. दीड तासात वातींची रास व्हायची, आणि घरी आल्यावर सगळं आख्यान ती जसंच्या तसं आम्हाला सांगायची. एकदाही तिने वातीकडे पाहिलेलं मला आठवत नाही. माझी आई मात्र हात जोडून नीट बसायची आणि उत्तररंगाला पेंगायची.

मी विशेष शिक्षिका म्हणून पुष्कळ वर्षं काम केलं. ज्यांना ‘फिजेट टॉय’ म्हणतात ती हातचाळ्याची साधनं मुलांना देऊन बघितली, बनवली, फसली, पुन्हा बनवली. आणि शेवटी माझी कसोटी आजीच्या वातीपाशी येऊन थांबली. हाताला काम असावं, पण डोळ्यांना त्यात काडीचाही रस नसावा. साधन कंटाळवाणं पाहिजे. जितकं कंटाळवाणं, तितकं चांगलं.

याला थोडा आधारही आहे. जॅकी अँड्रेड या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ४० माणसांना फोनवरचा एक अतिशय रटाळ निरोप ऐकवला. कुठल्याशा पार्टीला कोण येणार, कोण नाही, एवढाच विषय. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छोटे आकार पेन्सिलीने भरायला सांगितले होते. नंतर अचानक विचारलं, काय काय आठवतंय? आकार भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. वहीच्या शेवटच्या पानावर फुलं काढली म्हणून माझ्या हातावर पट्टी बसली होती, तेव्हा या बाई भेटायला हव्या होत्या!

पण लगेच घरी जाऊन सगळ्यांच्या हातात काहीतरी कोंबू नका. २०१५ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना डोक्यात आकडे धरून ठेवण्याची अवघड कामं दिली. ज्यांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि अतिचंचलतेची अडचण आहे, ती मुलं जेव्हा जास्त हलत होती तेव्हा त्यांची कामं अधिक चांगली झाली. बाकीच्या मुलांचं उलट झालं, जास्त हलली की कामं बिघडली. म्हणजे चुळबुळ हे एका मुलाचं इंधन असतं आणि दुसऱ्याची गळती. आपलं मूल यातलं कुठलं, हे घरी बघूनच कळतं.

२०१७ सालचे ते स्पिनर आठवतात? तीन पाकळ्यांचे, मध्ये बेअरिंग. मंगळबाजारात ढीग लागले होते. मीही उत्साहाने डझनभर घेतले. आठवड्यात वर्गाचा आखाडा झाला. कुणाचा जास्त वेळ फिरतो, कुणाचा नाकावर राहतो, कुणाच्यात लाइट आहे. पुढे झालेल्या अभ्यासांतही स्पिनर हातात असताना ऐकलेलं कमी लक्षात राहिलं असंच दिसलं. कारण उघड आहे, फिरती वस्तू डोळ्यांना ओढते. स्पिनर हा भोवरा आहे. भोवऱ्याला माझी काही हरकत नाही, पण तो ओट्यावर खेळायचा, गणिताच्या तासाला नव्हे.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची वाचेल. फुग्यात पीठ भरून दाबायचा चेंडू करायचा, हे तुम्ही मोबाइलवर पाहिलंच असेल. मला वाटलं, पिठापेक्षा मोहरी छान, बोटांना दाणे लागतात. एका शाळेत वीस फुगे भरून दिले. तिसऱ्या दिवशी पाहुणे वर्ग बघायला आले असताना एकाने फुग्याला कर्कटक लावलं. मोहरी! गुळगुळीत लाद्यांवर मोहरी म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे. मुख्याध्यापिका जपून पाऊल टाकताहेत, मुलं मुद्दाम घसरताहेत आणि मी गुडघ्यांवर बसून पोस्टकार्डाने मोहरी गोळा करते आहे.

तेव्हापासून फुगा बंद. हसण्यावारी नेऊ नका, फुटक्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात बसला तर जीव जातो, कारण तो रबर श्वासनलिकेवर झाकणासारखा चिकटतो. तसंच डाळी आणि कडधान्यं. पोराने नाकात घातलेला हरभरा ओलाव्याने फुगतो आणि मग घरी निघत नाही, कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर थोरल्याचं साधन उंचावर ठेवा. छोटी लोहचुंबकं आणि बटणासारखे सेल असलेलं काहीही घरातच आणू नका. एकाहून जास्त चुंबकं पोटात गेली तर आतड्याला मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

साधन करायच्या आधी एक काम करा. मूल अभ्यासाला बसलं की टेबलाखाली वाकून बघा. पाय कुठे आहेत? लोंबकळताहेत? मग ते हलणारच. तुम्ही उंच स्टुलावर बसून अर्धा तास लिहून दाखवा बरं. एक आई माझ्याकडे मुलाला घेऊन आली होती, दहा मिनिटं बसत नाही म्हणून. मी त्यांना म्हटलं, तुमच्याकडे पाट आहे का? श्राद्धपक्षाला काढतो, म्हणाल्या. तो पाट पायांखाली दिला, खाली दोन विटा. दहाची पंचवीस मिनिटं झाली. त्यात माझं कसब काही नव्हतं. झोप पुरती होते का, फळ्यावरचं दिसतं का, ऐकू येतं का, हेही आधी बघायचं. आणि चुळबुळीबरोबर मूल सगळीकडेच, घरी आणि शाळेत, अडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आज मी तुम्हाला शिकवणार आहे ती चाळ्याची कापडी पिशवी हा त्यावर इलाज नव्हे.

तर ती पिशवी. आजी जप करायची तेव्हा माळ गोमुखीत असायची. हात आत, मणी आत, बाहेरून काही दिसत नाही. मला ती कल्पना फार आवडते, कारण डोळ्यांना तिथे प्रवेशच नाही. आपण करणार आहोत ती गोमुखीची धाकटी बहीण. आत १०८ मणी नाहीत, एकच गोटी.

कापड मांजरपाट घ्या. जुन्या साडीचं मऊ कापड गोटीच्या घर्षणाने महिन्यात विरतं. १४ बाय १७ सेंटिमीटरचे दोन तुकडे. तीन बाजू एक सेंटिमीटर सोडून शिवायच्या आणि पिशवी उलटायची. आता आत नागमोडी वाट करायची आहे. लांबीच्या दिशेने तीन रेघा आखा, म्हणजे चार पट्टे पडतील. पहिली रेघ वरून सुरू करून खाली तीन सेंटिमीटर मोकळी सोडा. दुसरी खालून सुरू, वर तीन मोकळे. तिसरी पुन्हा पहिलीसारखी. या तीन रेघांवर टीप मारायची. हाताने शिवणार असाल तर धावदोरा नको, बखिया घाला, नाहीतर गोटी दोन टाक्यांमधून वाट काढते.

पट्ट्याची रुंदी तीन सेंटिमीटरच का? नेहमीची गोटी १६ मिलिमीटरची. आपल्याला वाटतं, दोन सेंटिमीटर पुष्कळ झाले. पण कापड गोटीला दोन्हीकडून वेढतं, तो वेढाच अडीच सेंटिमीटर खातो. माझ्या पहिल्या पाच पिशव्यांत गोटी जागची हललीच नाही. आणि हो, चौथी बाजू बंद करायच्या आधी गोटी आत टाका. हसताय काय, मी दोनदा विसरले आहे.

ही बघा तयार झालेली. मांडीवर धरायची, अंगठ्याने गोटी ढकलत न्यायची. वळणाशी ती जरा अडते, मग सुटते. सगळी गंमत त्या अडण्यात आहे. अंगठ्याच्या सांध्याला जोर लावावा लागतो, आणि असा जोर लागला की पुष्कळ मुलं निवतात. नुसत्या हलक्या स्पर्शाने, पिसाबिसाने, काही मुलं उलट जास्त बिथरतात. आवाज नाही, पडली तर घरंगळत नाही, आणि शेजारच्या मुलाला हेवा वाटण्यासारखं तिच्यात काही नाही. रंगीत कापड घेऊ नका. वर बाहुली, मोटार, छोटा भीम वगैरे भरतकाम तर अजिबात नको. एका हौशी आईने आरसे लावले होते, आपलं कच्छी काम. सुंदर होती पिशवी, आणि अगदी निरुपयोगी.

हाताऐवजी पायांना चाळा लागणारी मुलंही असतात. त्यांच्यासाठी सायकलची जुनी ट्यूब. पंक्चरवाल्याकडे मागितली तर तो पैसेही घेत नाही. वॉल्व्हचा भाग कापून टाका, साबणाने धुवा, खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना घोट्याच्या उंचीवर ताणून गाठ मारा. मूल बसल्या बसल्या पाय मागे रेटतं, ट्यूब परत ढकलते. आधी गाठ मोठ्या माणसाने ओढून बघायची.

आणि अभ्यासाआधी कष्टाचं काम द्या. कणीक तिंबायला लावा, अर्धी बादली पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना न्यायला लावा, ओले टॉवेल पिळायला लावा. दहा मिनिटं पुरे. आमच्या पिढीला हे कुणी थेरपी म्हणून दिलं नाही, कामच म्हणून दिलं. मुलग्यांना मात्र दिलं नाही, तेवढं आता दुरुस्त करू या.

उपयोग होतो की नाही, हे मुलाला विचारू नका. तो ‘खूप होतो’ म्हणेल, कारण त्याला पिशवी हवी आहे. पाच दिवस पिशवीशिवाय, पाच दिवस पिशवीसह, रोज वीस मिनिटांत किती ओळी पाठ झाल्या ते कॅलेंडरवर लिहा. पिशवीचे पहिले दोन दिवस सोडून द्या, नव्याची नवलाई असते. आकडा वाढला नाही तर पिशवी काढून घ्या, वाईट वाटून घेऊ नका. लिहिताना ती मांडीवर ठेवून द्यायची, लिहिता हात एकच असतो. ऐकताना आणि पाठांतराच्या वेळी हातात. फेकली की त्या दिवसापुरती कपाटात जाते, भाषण न देता.

मघाशी एका ताईंनी विचारलं, शाळेत नेऊ देतील का? काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही. मला एका शाळेत ‘इथे लाड चालत नाहीत’ असं सांगितलं होतं. मी भांडले नाही. तिथल्या बेनना, म्हणजे बाईंना, दहा मिनिटं माझ्याबरोबर बसून पिशवी हातात घ्यायला सांगितली. बोलता बोलता त्यांनी ती तीनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, आणि शेवटी म्हणाल्या, ‘बाकाखाली ठेवणार असेल तर चालेल.’ तुम्ही जाल तेव्हा कॅलेंडरवरचे आकडे बरोबर न्या. आणि वर्गातल्या इतर मुलांनाही एकदा हातात घेऊ द्या, म्हणजे कुतूहल संपतं.

पिशवी हातानेच धुवा आणि उन्हात वाळवा. मशीनमध्ये टाकलीत तर गोटी ड्रमवर अशी वाजते की शेजारी येतात. शिवाय दोन करून ठेवा, पहिली रिक्षात राहणारच आहे.

आता खुर्च्या जरा गोल करून घ्या. मांजरपाट कापून मागच्या टेबलावर ठेवलंय, सुया, पट्ट्या आणि गोट्या तिथेच आहेत. कात्र्या चारच आहेत, आळीपाळीने घ्या. आजोबा, तुम्हीही या. किल्ल्या राहू द्या खिशात.