बादलची भूल

[दृश्य: घोडबंदर रोड, सकाळ. ओवळ्याच्या मागचा पत्र्याचा तबेला.]

हा बादल. वय चार, वजन साधारण ३०० किलो. वरातीत घोडी दिसली की बिथरतो, म्हणून आज त्याला खच्ची करायचंय. हेच काम दोरांनी पाय आवळून, चार माणसांनी दाबून धरून आजही अनेक ठिकाणी होतं. इथे दोर आहे तो फक्त आधाराला.

मानेच्या शिरेतून आधी झायलाझिन हे गुंगीचं औषध, किलोमागे १.१ मिलिग्रॅम. मान खाली उतरते, खालचा ओठ लोंबतो. तोवर डॉक्टर दुसऱ्या सिरिंजला, म्हणजे भुलीच्या केटामाइनला, हात लावत नाहीत. पुरती गुंगी नसताना केटामाइन गेलं तर घोडा उसळतो.

[दृश्य: बादल आडवा होतो.]

या दोन इंजेक्शनांवर मिळतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. पुढचं सगळं शिरेतून सलग धार सोडणाऱ्या या बाटलीवर. ५०० मिलीमध्ये २५ ग्रॅम ग्वायफेनेसिन, ५०० मिलिग्रॅम केटामाइन आणि २५० मिलिग्रॅम झायलाझिन. ग्वायफेनेसिन आपल्या खोकल्याच्या सिरपमध्येही असतं, इथे ते स्नायू सैल करतं. केटामाइन झोप टिकवतं. झायलाझिन गुंगी देतं, वेदनाही दाबतं. तिन्ही एकत्र असल्याने प्रत्येकाची मात्रा कमी लागते. शिवाय सलग धारेमुळे भूल मध्येच उतरत नाही, की एकदम खोल जात नाही. मोठ्या इस्पितळांत आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूच्या जोडीलाही गुंगीच्या औषधाची अशी धार लावतात. वायू कमी लागतो, आणि वायूने रक्तदाब पडतो म्हणूनच तो कमी लागणं मोलाचं.

[दृश्य: जवळून – जबडा, डोळा, कान.]

जबड्याच्या कडेला सहायकाचं बोट नाडीवर आहे. झायलाझिनने ठोके मंदावतात, म्हणून ते बोट तिथून हलत नाही. डोळ्यांवर टॉवेल. कानांत कापूस, कारण हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न इथपर्यंत येतो. मोरकी काढलीय, तिचं बकल गालाच्या नसेवर दाबलं तर ओठ लुळा पडतो. खालच्या बाजूचा पुढचा पाय पुढे ओढून ठेवलाय, अंगाचा भार दंडाच्या स्नायूंवर पडू नये म्हणून. ही धार तासाभरापलीकडे नेत नाहीत. साठलेलं औषध उतरायला वेळ लागतो आणि घोडा उठताना धडपडतो.

शस्त्रक्रिया वेळेत उरकली.

घोड्याला भूल देणं जोखमीचंच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४१,८२४ नोंदी होत्या. पोटशुळाचे रुग्ण वगळूनही शंभरात जवळपास एक घोडा सात दिवसांत दगावला होता. काहींचं हाड उठतानाच मोडलं.

[दृश्य: बादल उठतो. इथे निवेदन नाही, मूळ आवाज ठेवा.]

पाय स्थिर होईपर्यंत चारा नाही. उद्यापासून रोज चालवायचं, म्हणजे सूज धरणार नाही. धनुर्वाताची लस आजच टोचलीय.