जुनी बोर्दो, कोवळी बोर्दो

मित्रहो, लाल बोर्दो, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दो भागातली रेड वाइन, जितकी जुनी तितकी चांगली, असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. का, ते सांगायला १९७५ आणि १९८२ ही दोन वर्षं पुरेशी आहेत.

१९७५च्या द्राक्षांची साल जाड होती, त्यामुळे वाइनमध्ये टॅनिन भरपूर उतरलं. फार उकळलेला कोरा चहा जिभेवर, हिरड्यांवर जो तुरटपणा सोडतो, तो या टॅनिनचाच. कोवळेपणी ती वाइन घशाखाली उतरत नव्हती, आणि एवढी कडक म्हणजे दीर्घायुषी असणारच, असं लोकांनी धरून चाललं. बाटल्या तळघरात वर्षानुवर्षं पडून राहिल्या. उघडल्या तेव्हा बोर्दोतल्या मेदोक भागातल्या बऱ्याच बाटल्यांत फळाचा स्वाद ओसरलेला आणि तुरटपणा जागच्या जागी! ला मिसिओं ओ-ब्रियों ही वाइन आणि बोर्दोतल्याच पोमरोल गावच्या काही वाइन, हे सन्माननीय अपवाद.

१९८२चं उलट झालं. पीक मोठं, द्राक्षं पूर्ण पिकलेली, वाइन पहिल्यापासून मऊ आणि रसाळ. ही टिकायची नाही, असं काही जाणकार म्हणाले. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी मात्र तिची बाजू हिरिरीने मांडली, आणि काळाने त्यांना कौल दिला. पोइयाक गावच्या उत्तम १९८२ वाइन चाळीस वर्षांनंतरही ताठ आहेत. टॅनिन त्यांच्यातही होतं, पण पिकलेलं, फळाच्या आड दडलेलं.

बाटलीत नेमकं काय घडतं? टॅनिन आणि सालीतली रंगद्रव्यं एकमेकांशी जोडली जातात, त्यांचे रेणू मोठे होत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून जांभळा रंग विटकरी होतो, तुरटपणा उतरतो. पण त्याच काळात फळही ओसरत असतं. आधी काय संपतं, यावर सगळं अवलंबून!

२०१६ची पोइयाक शेजारी ठेवली की हे लगेच कळतं. तिच्यात ब्लॅककरंट या काळ्या, आंबटगोड फळाचा स्वाद आहे, ओक लाकडाच्या नव्या पिंपाचा वास आहे, हिरड्या आवळणारं टॅनिन आहे. १९८२च्या वाइनमध्ये वास येतात ते देवदार, तंबाखू, चामडं, ओला पालापाचोळा. कोवळी वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या रुंद सुरईत, दोन-तीन तास ठेवावी, हवेने ती खुलते. जुनी फक्त गाळ वेगळा करण्यापुरती ओतावी आणि लगेच प्यावी. तिचा सुगंध फार वेळ थांबत नाही.

बोर्दोमधली बहुतेक वाइन मात्र साधी असते आणि पहिल्या पाच-सहा वर्षांतच छान लागते. ती जपून ठेवू नका. जपण्याजोग्या उत्तम वाइनला बारा-तेरा अंश सेल्सिअसची स्थिर थंड जागा लागते. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवली तर ती पिकण्याआधीच बिघडते. तशी सोय नसेल तर सरळ कोवळी बाटली घ्या आणि मटणाबरोबर प्या. मांसातल्या प्रथिनांमुळे तिचा तुरटपणा बराच निवतो.