कोनचान कोण?

(दृश्य: गेमच्या शेवटची नामावली)

'द लेजंड ऑफ झेल्डा', १९८६. राजकन्या सुटली, गेम संपला, आता नावं वर सरकताहेत. इथं थांबवू. साउंड कंपोझर: कोनचान.

ना आडनाव, ना धड नाव. घरात हाक मारतात तसलं टोपणनाव. त्या काळच्या जपानी गेम कंपन्यांत ही रीतच होती. आपली माणसं दुसऱ्यानं पळवू नयेत, म्हणून खरी नावं झाकायची. आदल्याच वर्षी आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये तर तेवढंही नाही. राजकन्या आभार मानते आणि म्हणते, आता पुन्हा खेळा. ज्याची धून अर्ध्या जगानं गुणगुणली, त्याचा पडद्यावर पत्ताच नाही!

हा कोनचान म्हणजे कोजी कोंडो. जन्म १९६१, नागोया. पाचव्या वर्षापासून इलेक्ट्रॉनिक ऑर्गनची शिकवणी, पुढे जॅझ आणि रॉक वाजवणाऱ्या बँडमध्ये हजेरी. ओसाकाच्या कला विद्यापीठात असताना निन्तेन्दो या जपानी गेम कंपनीची भरतीची सूचना दिसली. अर्ज केला तो तेवढ्या एकाच कंपनीकडे. सोबत नमुन्याची एकही टेप नाही. १९८४ साली रुजू झाले. आवाजाचं काम करणारे लोक तिथं आधीपासून होते, पण खास संगीतरचनेसाठी घेतलेला हा पहिला माणूस.

(दृश्य: टेबलावर उघडलेलं यंत्र, बोर्डचा क्लोजअप)

झेल्डा आणि मारिओ निन्तेन्दोच्या ज्या यंत्रावर चालायचे, त्याचं हे भावंड. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'व्हिडिओ गेम' म्हणून घरोघर आलेली नक्कल. सोबत '९९९९ इन वन'ची पिवळी कॅसेट. चालेना, की फुंकर मारायची आणि परत खुपसायची. नक्कल असली तरी आवाजाची रचना मूळ यंत्राचीच.

(दृश्य: चार रेघांचा ध्वनिआलेख, मारिओचं संगीत सुरू)

आता या चार रेघा बघा. वरच्या दोन चौकोनी लाटा. सूर आणि त्याची साथ यांच्यावर. तिसरी त्रिकोणी, तिच्यावर खर्जाची चाल. तिचा आवाज कमी-जास्त करता येत नाही, एक तर चालू नाहीतर बंद. चौथी म्हणजे नुसती खरखर. पण तीच तोडून तोडून सोडली, की झांज वाजल्याचा भास होतो. नीट ऐका, ठेका सरळ चालत नाही, जरा लचकत चालतो. ती लचक या खरखरीतून काढलीय.

आता मारिओला उडी मारायला लावू. पाहिलंत? एका रेघेतला सूर तुटला, तिथं उडीचा आवाज घुसला. जागा एकच, वाजवायच्या गोष्टी दोन. म्हणजे चाल अशी हवी, की मधूनमधून कुणी तिचा लचका तोडला तरी ती ओळखू यावी. शिवाय अख्खा गेम ४० किलोबाइटचा. चित्रं, राक्षस, उड्या, सगळं त्यातच. संगीताच्या वाट्याला येणार किती? म्हणून छोटे तुकडे करायचे आणि तेच आलटून पालटून वाजवायचे. जेमतेम दीड मिनिटाची धून पुन्हा पुन्हा फिरते, तरी कंटाळा येत नाही. खरी कारागिरी इथंच आहे.

(दृश्य: पाण्याखालची पातळी)

ही पाण्यातली चाल, वॉल्ट्झ या युरोपी नाचाच्या तीन मात्रांची, कोंडोंना चटकन सुचली. जमिनीवरच्या चालीनं मात्र घाम काढला. पहिली चाल त्यांनी स्वतःच टाकून दिली. मारिओ धावतो कसा, उडी घेतो कसा, त्याच्याशी ती जुळेना. गेम चालवून बघायचा आणि त्या हालचालीला चाल बसवायची. तमाशातला ढोलकीवाला पायांकडे बघून वाजवतो ना, तसं.

(दृश्य: झेल्डाचं शीर्षक, धबधबा)

इथं वाजणार होता फ्रेंच संगीतकार रावेलचा 'बोलेरो'. पण रावेल १९३७ साली वारले, त्यांच्या रचनेचे हक्क अजून शाबूत होते. हे ध्यानात आलं अगदी शेवटच्या घटकेला. कोंडोंनी खेळातलीच मुख्य धून घेऊन एका रात्रीत नवी रचना उभी केली. आज झेल्डा म्हटलं की लोकांना आठवते ती हीच!

(दृश्य: पेटीवर बोटं)

१९९८ सालचा झेल्डाचाच 'ऑकरिना ऑफ टाइम'. ऑकरिना म्हणजे फुंकून वाजवायचं छोटं वाद्य. यात खेळणाऱ्यानंच ते बटणं दाबून वाजवायचं, सूर फक्त पाच. खालच्याला सा मानला तर पेटीवर ते असे: सा, कोमल ग, प, शुद्ध ध, वरचा सा. रे नाही, म नाही, नि नाही. एवढ्यावर पावसाची वेगळी, घोडीला बोलावण्याची वेगळी, अशा धुना बांधल्या. तीन-तीन सुरांच्या, मुलांच्या पटकन तोंडी बसणाऱ्या.

(दृश्य: वाद्यवृंदाची तालीम)

पुढचं थोडक्यात. २००७ साली 'मारिओ गॅलक्सी'ला पूर्ण वाद्यवृंद मिळाला. त्यातलं बरंचसं संगीत माहितो योकोता यांचं, कोंडोंच्या देखरेखीखाली. नोकरी एकच, क्योतोतली. २०२३ सालच्या 'मारिओ वंडर'लाही ध्वनिदिग्दर्शक तेच.

आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत मारिओची धून घेतली. व्हिडिओ गेमचं संगीत त्या यादीत पहिल्यांदाच आलं. नोंदीत संगीतकाराचं नाव आहे: कोजी कोंडो. कोनचान नाही.