डॅलसची भिंत

नमस्कार, श्रोतेहो.

दरवर्षी एप्रिल संपत आला की अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात एक भांडण पेटतं. ना निवडणुकीचं, ना पाण्याचं. डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघानं नव्या पोरांमधून पहिला कोण उचलला, यावरून ते असतं. आणि उचललेला गडी ऑफेन्सिव्ह लाइनमन असेल, तर मग विचारूच नका. डॅलसच्या आसपास प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग या भागांत मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. फ्रिस्कोत तर संघाचं मुख्यालयच आहे. तुमचा एखादा भाचा व्हिडिओ कॉलवर निळ्या ताऱ्याचा शर्ट घालून, तोंड पाडून बसलेला दिसला, तर कारण हेच असू शकतं.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. हा अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा. चेंडू आपल्याकडे असला की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. क्वार्टरबॅक चेंडू घेतो. मग तो फेकतो, नाहीतर पळणाऱ्याच्या हातात देतो. टाळ्या क्वार्टरबॅकला, पळणाऱ्याला आणि लांबवर उडी मारून झेल घेणाऱ्या रिसीव्हरला. या सगळ्यांच्या पुढे पाच धिप्पाड माणसं वाकून उभी असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. हेच ते ऑफेन्सिव्ह लाइनमन. एकेक जण साधारण एकशे चाळीस किलोंचा. समोरून धावून येणाऱ्यांना अडवून धरायचं, एवढंच यांचं काम. पुढे फेकलेला चेंडू यांनी सहसा झेलायचाही नाही, तशी नियमातच बंदी. दहीहंडीत खालच्या थराचे फोटो कुणी काढत नाही, पण तिथला एक खांदा सरकला की वरचा गोविंदा खाली. तोच प्रकार इथे.

यांच्या नावावर आकडेही नसतात. पळणाऱ्याचे यार्ड मोजतात, झेलणाऱ्याचे झेल मोजतात. लाइनमनचं नाव मैदानावरच्या कर्ण्यातून ऐकू येतं ते बहुतेक पेनल्टी झाली तरच. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवलं, दहा यार्ड मागे. चेंडू सुटायच्या आधी हललास, पाच यार्ड मागे. चाहत्यानं वर्षभर ज्याचं नाव फक्त चुकीच्या वेळी ऐकायचं, त्याच्यासाठी एप्रिलमध्ये टाळ्या वाजवायच्या कशा?

आता ड्राफ्ट. कॉलेजात खेळून बाहेर पडलेल्या पोरांना ३२ व्यावसायिक संघ पाळीपाळीनं निवडतात. गेल्या मोसमात सर्वांत वाईट खेळलेला संघ आधी, विजेता शेवटी. आपल्या आयपीएलसारखी बोली नाही, पैशांचा जोर चालत नाही. १९३६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला, तेव्हा फळ्यावर नव्वद नावं लिहिली होती. आज हा सोहळा टीव्हीवर तीन दिवस चालतो. फेऱ्या सात, पण जीव अडकतो पहिलीत. वर्षातून एकदाच येणारी पाळी आहे ती. ती भिंतीतल्या माणसावर खर्च केली, की लग्नाच्या जेवणात नुसता वरणभात वाढल्याचा चेहरा करून लोक बसतात.

काउबॉइजचे मालक जेरी जोन्स यांनी १९८९ साली संघ विकत घेतला. २०११ पर्यंत त्यांनी पहिल्या फेरीत एकदाही ऑफेन्सिव्ह लाइनमन घेतला नव्हता. त्याला कारणही होतं. १९९० च्या दशकात या संघानं चार वर्षांत तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले, आणि तेव्हाच्या त्यांच्या रांगेला लोक ‘डॅलसची भिंत’च म्हणायचे. त्या भिंतीत पहिल्या फेरीतला एकही जण नव्हता. नेट न्यूटन आणि मार्क ट्विनेई यांना तर ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं. मार्क स्टेपनोस्की आणि एरिक विल्यम्स हे दोघं तिसऱ्या फेरीतले. जुने चाहते आजही हा पत्ता टाकतात: भिंत बांधायला महागडा दगड कशाला? मला हा मुद्दा जड वाटतो. त्याला सहज उत्तर नाही.

२०११ साली नवव्या क्रमांकावर टायरन स्मिथ आला. तो टॅकल, क्वार्टरबॅकच्या पाठीचा राखणदार. त्याबद्दल फारसं कुणी कुरकुरलं नाही. खरा वणवा पेटला तो २०१३ साली.

त्या वर्षी डॅलसची पाळी होती अठराव्या क्रमांकावर. आदल्या मोसमात पळून यार्ड मिळवण्यात हा संघ बत्तिसांत एकतिसावा होता. क्वार्टरबॅक टोनी रोमोशी नुकताच सहा वर्षांचा, तब्बल १० कोटी ८० लाख डॉलरचा करार झालेला. आणि या महागड्या माणसाला वाचवणारं कुणी धड नाही. म्हणजे लाइनमन लागणार, हे दिसत होतं. पण संघानं आपली अठरावी पाळी सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकली आणि बदल्यात एकतिसावी आणि तिसऱ्या फेरीतली चौऱ्याहत्तरावी पाळी घेतली. एकतिसाव्यावर नाव पुकारलं ट्रॅव्हिस फ्रेडरिक, विस्कॉन्सिनचा सेंटर. जाणकार ज्याला दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतला समजत होते, असा हा माणूस. कॉलेजात संगणक अभियांत्रिकी शिकलेला. आपल्या श्रोत्यांपैकी निम्म्यांच्या घरी असा एक मुलगा असेल, फक्त वजनानं अर्धा.

चाहते खवळले, आणि त्यांच्या रागात दोन वेगवेगळे राग मिसळलेले होते. ते सुटे करून पाहायला हवेत, कारण इतकी वर्षं झाली तरी लोक ते एकत्रच उगाळतात.

पहिला राग सौद्याचा. ड्राफ्टच्या पाळ्यांची अदलाबदल करताना कुठल्या पाळीचं मोल किती, याचा एक तक्ता असतो. गंमत अशी, की तो तक्ता जन्मला डॅलसमध्येच, प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात. त्या तक्त्यात अठराव्या पाळीला ९०० गुण, एकतिसाव्या पाळीला ६००, चौऱ्याहत्तराव्या पाळीला २२०. बेरीज करा. दिले ९००, घेतले ८२०. आपल्याच घरात बनवलेल्या तराजूत आपलीच फसगत! त्यातून फ्लोरिडाचा शरीफ फ्लॉइड अठराव्याला उपलब्ध होता, आणि बचावफळीतल्या या पोराला काउबॉइजच्या स्वतःच्याच यादीत वरचं स्थान असल्याचं नंतर उघड झालं. मग तर काय, तेलच पडलं.

दुसरा राग माणसाचा. सेंटर, तोही हळू पळणारा, पहिल्या फेरीत? तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला असता तरी मिळाला असता, असं जो तो शपथेवर सांगत होता.

आता पुढचं ऐका. फ्रेडरिक पहिल्या सामन्यापासून सेंटरला उभा राहिला आणि पाच मोसमांत एकही सामना चुकला नाही. पाच वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड झाली, २०१६ साली लीगभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या पहिल्या संघातही तो होता. माणसाबद्दलचा राग खोटा ठरला. पण सौद्याबद्दलचा? तो आहे तिथेच आहे. ८२० म्हणजे ८२०. फ्रेडरिक चांगला निघाला म्हणून ते ९०० होत नाहीत. चाहत्यांना झोडपणारे पत्रकार हे सोयीस्करपणे विसरतात. फ्लॉइडचं काय झालं म्हणाल, तर मिनेसोटानं त्याला तेविसाव्यावर घेतला, आणि पुढे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याची कारकीर्दच संपली. पण ते एप्रिलमधल्या त्या रात्री कुणाला ठाऊक होतं?

पुढच्याच वर्षी, २०१४ साली, सोळावी पाळी. आणि समोर जॉनी मॅन्झेल! टेक्सासचाच पोरगा, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. कॉलेजातल्या पहिल्याच मोसमात त्यानं हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकला होता, जो तोवर पहिल्या वर्षाच्या कुणालाच मिळाला नव्हता. जेरी जोन्सनाही त्याचा मोह पडला होता, हे त्यांनी पुढे लपवलं नाही. घरच्यांनी आणि संघातल्या मंडळींनी त्यांना आवरलं, आणि कार्डावर नाव गेलं झॅक मार्टिन, नोत्र दामचा लाइनमन. मॅन्झेल बाविसाव्यावर क्लीव्हलँडला गेला, तिथे आठ सामन्यांत तो सुरुवातीपासून खेळला आणि दोन मोसमांत सगळं आटोपलं. मार्टिन नऊ वेळा प्रो बोलला निवडला गेला, सात वेळा लीगच्या सर्वोत्तम पहिल्या संघात आला आणि २०२५ साली निवृत्त झाला. इथे मात्र वाद घालायला जागाच नाही.

त्याच २०१४ च्या मोसमात डॅलसचा पळणारा डीमार्को मरे ह्याच भिंतीमागून १,८४५ यार्ड पळाला. १९९० च्या दशकातला पळणारा एमिट स्मिथ याचा एका मोसमातला क्लबचा विक्रम त्यानं मोडला. मोसम संपला आणि जास्त पैसे घेऊन तो फिलाडेल्फियाला गेला. तिथे यार्ड किती? ७०२. आणि डॅलसमध्ये त्याच्या जागी डॅरेन मॅकफॅडन आला, ज्याला ओकलंडमध्ये लोकांनी जवळपास मोडीत काढलं होतं. तो पळाला १,०८९ यार्ड. लाइनमनच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा हा हुकमी पुरावा. मी इतकंच म्हणेन, की फिलाडेल्फियाची रांगही काही कच्ची नव्हती, तिथली खेळण्याची पद्धत मरेला मानवली नाही. पुरावा चांगला आहे, निखळ नाही.

मला त्याहून पटतो तो २०१८ चा मोसम. फ्रेडरिकला गियाँ-बारे सिंड्रोम झाला. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, हातपाय लुळे पडत जातात असा हा आजार. तो अख्खा मोसम बाहेर बसला. त्या वर्षी क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट ५६ वेळा चेंडू हातात असताना पाडला गेला. दोन वर्षांपूर्वी, भिंत पूर्ण असताना, हाच आकडा २५ होता. रांगेत इतरही दुखापती होत्या, हे खरं. तरी सेंटर हा तिथे नुसता रेटत नाही; समोरची मांडणी बघून कुणी कुणाला अडवायचं हे ओरडून सांगणारा तोच. तो बोलका माणूस गेला आणि गोंधळ झाला. फ्रेडरिक २०१९ मध्ये परतला, पुन्हा प्रो बोलला निवडला गेला, आणि २०२० च्या मार्चमध्ये आपणहून थांबला. आपण पूर्वीसारखे उरलो नाही हे ओळखून थांबणं या खेळात दुर्मीळच.

विरोधी पक्षाचं अजून एक म्हणणं आहे, आणि ते कडवट आहे. एवढी भिंत बांधून मिळवलंत काय? २०१४ साली १२ विजय, बाद फेरीत ग्रीन बेकडून हार. २०१६ साली १३ विजय, पुन्हा ग्रीन बेकडून हार, तीही ३१–३४ अशी. सुपर बोल शेवटचा जिंकला तो १९९६ च्या जानेवारीत. यावर भिंतवाले म्हणतात, हरलो ते बचावामुळे, भिंतीमुळे नव्हे. ३४ गुण समोरच्यांना दिले कुणी? बरोबर आहे. पण पहिल्या फेरीतल्या तीन पाळ्या भिंतीवर खर्च केल्यात, मग बचाव सुधारणार कसा, हाच तर समोरच्यांचा प्रश्न.

२०२२ साली टल्सा विद्यापीठातला टायलर स्मिथ चोविसाव्यावर आला तेव्हा लोकांनी त्याच्या कॉलेजातल्या पेनल्ट्या मोजून दाखवल्या. ऑगस्टमध्ये टायरन स्मिथ जायबंदी झाला, पोराला थेट डाव्या टॅकलला उभं राहावं लागलं, आणि वर्षभर तो उभा राहिला. मोजणारे गप्प झाले. २०२४ साली टायलर गायटन आला, पहिलं वर्ष धडपडण्यात गेलं, मोजणारे परत आले.

आणि २०२५. ड्राफ्ट ग्रीन बेमध्ये, पाळी बारावी, नाव टायलर बुकर, अलाबामाचा गार्ड. होय, पहिल्या फेरीत भिंतीसाठी घेतलेला लागोपाठ तिसरा टायलर. डॅलसला या नावाचं वेड आहे की काय, कुणास ठाऊक. मार्टिन नुकताच निवृत्त झालेला, उजव्या गार्डची जागा रिकामी, म्हणजे गरज उघड होती. पण चाहत्यांना हवा होता रिसीव्हर. त्यांचा आवडता टेटायरोआ मॅकमिलन आठव्यावरच कॅरोलिनाला गेला होता, तरी राग बुकरवर निघाला. त्याची उडी कमी, पळणं हळू, चाचण्यांतले आकडे साधारण. शिवाय टॅकल असता तर समजलो असतो, बारावी पाळी गार्डवर? गार्डला पगार कमी, बाजारात तो सहज मिळतो, असं त्यांचं गणित.

ड्राफ्टनंतर काही दिवसांतच, मे महिन्यात, डॅलसनं पिट्सबर्गकडून जॉर्ज पिकन्स हा रिसीव्हर मिळवला. मुख्य किंमत २०२६ ची तिसऱ्या फेरीतली पाळी. भिंतवाले खूश: बघा, नावाजलेला रिसीव्हर तिसऱ्या फेरीच्या भावात आला, चांगला गार्ड त्या भावात आला असता का? तेवढ्यात मागून एक म्हातारा चाहता म्हणणारच, अरे बाबा, स्टेपनोस्की कितव्या फेरीत मिळाला होता?

नमस्कार.